किमान साठा एकशे ऐंशी

९ नोव्हेंबर २०२२, बुधवार. रिक्षा आणि टॅक्सी मिळून आठशे चौदा रुपये.

त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पावणेसहा या वेळात मी कांजूरमार्ग, घाटकोपर, साकीनाका आणि अंधेरी इथली अकरा औषधांची दुकानं पालथी घातली. शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात साडेतीन तास बसून मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या नव्वद गोळ्या घेऊन आलो. गोळ्यांचे पैसे प्रवासखर्चापेक्षा कमी झाले. पहिल्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि न बोलता परत केली. चौथा म्हणाला, "काका, हे ठेवायचं म्हणजे वेगळं लायसन्स, वेगळं कपाट, वेगळं रजिस्टर. वर्षाला दोन गिऱ्हाईकं. कोण करणार ही झंझट?" अंधेरीच्या एकाने चिठ्ठी बाजूला ठेवून माझ्या हातांकडे पाहिलं.

"पेशंट कोण?"

"मित्र."

"नक्की मित्र?"

मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तरी मला घाम फुटला.

मित्र म्हणजे जयवंत परब. साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनतात. जयवंत तिथे पस्तीस वर्षं स्टोअरकीपर होता. मी अजून अकाउंट्समध्ये आहे. तो एकसष्ट वर्षांचा होता, वर्षभरापूर्वी रिटायर झालेला. रिटायर झाल्यावर चार महिन्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि निघाला तेव्हाच तो कमरेच्या आणि मांडीच्या हाडांत उतरलेला होता. शहरातल्या इस्पितळाने जे करण्यासारखं होतं ते केलं आणि दुखण्यासाठी त्याला मुलुंडच्या एका ट्रस्टच्या केंद्राकडे पाठवलं. हे केंद्र फक्त वेदना कमी करण्याचं काम करतं. तिथल्या डॉक्टर अस्मिता त्याला पंधरा पंधरा दिवसांच्या गोळ्या देत. दर चार तासांनी एक, दिवसाला सहा. नियम एकच होता: पुढच्या खेपेला येताना रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या. एकेक पट्टी मोजली जाई, रजिस्टरमध्ये लिहिली जाई.

नोव्हेंबरच्या चार तारखेला केंद्रातला साठा संपला. पुरवठ्याचा परवाना कुठल्यातरी टेबलावर अडकला होता. आज येईल, उद्या येईल, असं करत पाच दिवस गेले. जयवंतचा मुलगा सुशांत मालवाहू जहाजावर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रावर. घरात जयवंत आणि त्याची बायको सुलक्षणा, दोघंच. पाचव्या दिवशी वहिनींनी मला फोन केला. रडत नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचं लवूसारखं व्हायला लागलंय."

लवू म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. लालबागच्या चाळीत गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादाला लागला होता. आधी घरातली पातेली गेली, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग तो गेला. तेवीस वर्षांचा होता. गर्द मिळाली नाही की तो कसा जांभया द्यायचा, नाक कसं गळायचं, अंगावर काटा उभा राहून कसा कुडकुडायचा, हे वहिनींनी दाराआडून पाहिलं होतं. आणि आता त्या पाच दिवसांत जयवंत तसाच जांभया देत होता, नाक गळत होतं, घामाने चादर भिजत होती. दुखणं होतंच, ते वेगळं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की गोळी अचानक बंद पडली की शरीर असं वागतं, त्याला व्यसन म्हणत नाहीत. वहिनींनी मान डोलावली. पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगून जात नाही.

त्या पाच दिवसांनी घरात दोन भीती मागे ठेवल्या. वहिनींना गोळीची भीती बसली. जयवंतला गोळी संपण्याची. वहिनींची आम्हाला सगळ्यांना दिसत होती. जयवंतची मला फार उशिरा दिसली, आणि दिसली तेव्हा मी तिच्यावर सही केली. ते पुढे सांगतो. आठशे चौदा रुपये त्याने दुसऱ्याच दिवशी उशीखालून काढून मोजून दिले. सुट्ट्या चार रुपयांसाठी वहिनींना खाली वाण्याकडे पाठवलं.

जयवंतला ओळखायचं तर १९९४ सालचा एक दिवस सांगायला हवा. मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. जयवंतचे वडील गिरणीत होते. संपानंतर ते घर लालबागहून कांजूरमार्गला आलं आणि सगळा भार जयवंतच्या पगारावर पडला. १९९४ साली चाळीस पैशांची एक रबरी रिंग स्टोअरमध्ये संपली. एवढ्यासाठी पंपांची जुळणी दोन दिवस बंद पडली. तेव्हाच्या भागीदारांपैकी एकाने जयवंतला रिंगचा रिकामा डबा दोन्ही हातांत धरून गेटवर उभं केलं. पाळी सुटली तेव्हा एकशे दहा माणसं त्याच्यासमोरून गेली. कोणी हसलं नाही. जयवंतने मान खाली घातली नाही, पण घरी जाऊन तो दोन दिवस जेवला नाही, असं वहिनी सांगतात.

तिसऱ्या दिवशी तो तांबडा रंग आणि ब्रश घेऊन आला. स्टोअरमधल्या प्रत्येक डब्यावर आतून एक लाल रेघ ओढली. माल त्या रेघेच्या खाली गेला की नवी मागणी. रेघेखालचा माल आणीबाणीशिवाय कोणालाही नाही, मालक आला तरी नाही. कारखान्यात त्याचं नाव 'लाल रेघ' पडलं. "काय लाल रेघ, चहा आहे की रेघेखाली गेला?" असं पोरं विचारायची. तो म्हणायचा, "तुझी अक्कल रेघेखाली गेली मेल्या, आधी तिची ऑर्डर दे."

दर एकतीस मार्चला आम्ही दोघं मिळून साठ्याची मोजदाद करत असू. डब्याबरोबर एक कार्ड असे: तारीख, जमा, नावे, शिल्लक. तो मोजायचा, मी कार्ड तपासायचो, मग सही. अठ्ठावीस वर्षांत त्याचा एक वॉशरही कमी निघाला नाही. दुपारी वहिनींनी दिलेलं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण आणि भाकरी आम्ही पोत्यावर बसून खायचो. इतकी ही मैत्री. सिनेमाला वगैरे कधी एकत्र गेलो नाही.

नोव्हेंबरनंतर दुखण्याचं बरं चाललंय असं सगळ्यांना वाटत होतं. मी रविवारी जायचो. जयवंत वाळला होता, पण तोंड चालू होतं. वहिनी स्वयंपाकघरात मला हळूच सांगायच्या, "सहाच्या चार केल्या ह्यांनी, स्वतःहून." डिसेंबरात म्हणाल्या, "आता तीनच. लवूला नाही जमलं हे. ह्यांचं मन घट्ट आहे." त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच महिन्यांनी समाधान पाहिलं. मलाही बरं वाटलं. मी डॉक्टर नाही. आकडा कमी होतोय म्हणजे आजार कमी होतोय असं मी धरून चाललो.

१ जानेवारीला रविवार होता. वहिनी देवळात गेल्या होत्या. जयवंतने मला दार लावायला सांगितलं आणि पलंगाखालचा डबा काढायला लावला. तो डबा मी ओळखला. आमच्या स्टोअरमधला, सहा मिलिमीटरच्या वॉशरचा. रिटायर होताना त्याने मालकांकडून मागून घेतला होता. झाकण उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत पांढऱ्या गोळ्या, सुट्ट्या. बाजूला दमट हवा शोषून घेणारी छोटी पुडी, पंपांच्या खोक्यात घालतो तसली. आणि वर कार्ड. तारीख, जमा, नावे, शिल्लक. डोक्यावर तांबड्या पेनने लिहिलेलं: किमान साठा १८०.

"मोज," तो म्हणाला.

"जयवंता, हे काय आहे?"

"महिन्याचा साठा. सहा गुणिले तीस. तिकडचा कागद परत अडकला तर माका महिनाभर कोणाच्या पाया पडूक नको. पट्ट्या फोडून रिकाम्या परत करतंय, त्यांचा हिशोब बरोबर. माझा हिशोब बरोबर. मोज तू."

मी मोजल्या. का मोजल्या, हे मला आजही नीट सांगता येत नाही. समोर कार्ड होतं, डबा होता, समोर जयवंत होता. अठ्ठावीस वर्षं हेच केलं होतं. दहा दहाच्या ढिगाने मोजल्या. एकशे सव्वीस. कार्डावर शिल्लक एकशे सव्वीस. आणि मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा तो आनंदच होता, बेरीज जुळल्याचा. मी खाली लिहिलं, "मोजदाद केली. बरोबर आढळली." सही केली, तारीख घातली.

"अजून अठरा दिवस," जयवंत म्हणाला. "रोजच्या तीन. एकशे ऐंशी झाल्या की मग डॉक्टरीण सांगतात तसा सगळा डोस घेतंय. तवसर कोणाक सांगू नको. हिला तर नाहीच."

"दुखत नाही?"

"दुखतंय. पण किती दुखतंय ते ठाऊक आहे ना. संपली तर किती दुखतां, ताही ठाऊक आहे."

७ तारखेला, शनिवारी, मी त्याला रिक्षाने मुलुंडला घेऊन गेलो. रिक्षा गतिरोधकावरून गेली की तो माझं मनगट धरायचा. मनगटावर नंतर चार बोटांचे वळ होते. डॉक्टर अस्मिता पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, पण उत्तर ऐकायला थांबणाऱ्या.

"परबकाका, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही असं. आज किती?"

"चार."

"मागच्या वेळीही चार होतं."

"चारच आहे. बरां आहे."

त्या त्याच्या ओठाकडे पाहत होत्या. ओठ आतून चावलेला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. म्हणालो, "ते सांगतात ते खरं असणार."

डोस तोच राहिला. नऊ पट्ट्या मिळाल्या. जयवंतने नऊ रिकाम्या परत केल्या. सिस्टरने मोजल्या, बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी साडेअकराला त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदाच या वेळी. एरवी मी तीनच्या सुमाराला जायचो, म्हणजे दोनची गोळी लागू पडल्यावर. तो सकाळी सहाची, दुपारी दोनची आणि रात्री दहाची अशा तीन घेत होता. मधल्या तीन डब्यात जात. साडेअकरा ही वेळ मी कधी पाहिली नव्हती.

तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. उशीचा कोपरा दातांत धरलेला. श्वास घेताना बारीक आवाज येत होता, कुत्र्याचं पिल्लू झोपेत करतं तसा. मी हाक मारली तर त्याने हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. मला तिथून निघून जावंसं वाटलं. खरं सांगायचं तर मी दाराकडे दोन पावलं गेलोही होतो.

मग तो उशी सोडून म्हणाला, "बस रे. बोल काहीतरी. झोप येईल असां बोल. जीएसटीचां बोल."

मी बोललो. इनपुट क्रेडिट कसं मिळतं, कधी नाकारतात, कुठला फॉर्म, कुठली तारीख. माझा आवाज मलाच ऐकू येत होता. तो भिंतीच्या फरशीवर बोट फिरवत होता, एक फरशी, दुसरी, तिसरी, शेवटापर्यंत आणि परत. बाराला पाच कमी असताना मी बोलायचा थांबलो.

"डबा खाली आहे. मी एक काढतो. एक. कार्डावर लिहू आपण, नावे एक."

"हात लावलास तर बघ." तो ओरडला नाही. ओरडण्याइतका दम नव्हता. "तेहेतीस कमी हत अजून. रेघेखालचा माल हा तो."

"अरे, ही आणीबाणी नाही का?"

"ही नाय. आणीबाणी यायची आहे."

बाहेर वहिनी शेजारणीला सांगत होत्या, "तीनवर आलेत. देवाची कृपा."

दोन वाजता त्याने गोळी घेतली. अडीचला त्याचं बोट थांबलं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. केंद्राच्या कार्डावर त्यांचा नंबर होता, रविवारीही घेऊ असं लिहिलेलं होतं. मी केला नाही. कारण लिहितो. घरी येऊन मी मोबाईलवर अंमली पदार्थांचा कायदा वाचला. अर्धा समजला, आणि जो समजला तो सगळा भीतीचाच होता. पट्टीतून काढलेल्या सुट्ट्या गोळ्या, दीडशे, वॉशरच्या डब्यात. त्यावर कार्ड. कार्डावर माझी सही, बरोबर आढळली म्हणून. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. मला टेबलावर ठेवलेला तो डबा दिसायचा आणि पलीकडे खाकी बाही. बायकोला सांगितलं नाही. ऑफिसात रोज आकडे दोनदा तपासायचो. आंघोळीच्या वेळी मांडीचं हाड दाबून बघायचो. सात दिवस असे घालवले. त्या सात दिवसांत जयवंतने एकवीस गोळ्या डब्यात टाकल्या.

१५ जानेवारी, संक्रांत. मी तिळगूळ घेऊन गेलो. दार उघडंच होतं. वहिनी पलंगाशी उभ्या होत्या, हातात हळदीकुंकवाचं तबक तसंच. जयवंतला बसता येत नव्हतं, आडवं पडता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. तो दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा धरून अर्धवट लोंबकळत होता. डोळे उघडे होते. मला वाटतं त्याने मला ओळखलं नाही. सकाळी सहाची गोळी उलटून पडली होती, आणि दुसरी घ्यायला तो तयार नव्हता.

"बारा कमी हत," तो म्हणत होता. "बारा कमी हत रे."

"कसले बारा, भावोजी?" वहिनींनी मला विचारलं. "सकाळपासून हेच चाललंय. डोक्यात गेलं का ह्यांच्या?"

मी तिळगुळाची पिशवी खाली ठेवली. पलंगाखालून डबा काढला आणि वहिनींच्या समोर उघडला. मग फोन लावला आणि डॉक्टर अस्मितांना सगळं सांगितलं. डबा, कार्ड, सहाच्या तीन, चार म्हणून सांगितलेला आकडा, माझी सही. तारखांसकट सांगितलं.  शेवटी त्या म्हणाल्या, "दोन गोळ्या आत्ता द्या. पाण्यात चुरून, थोड्या थोड्या. मी निघते."

वहिनींनी माझा हात धरला. "दोन? एकदम?"

"वहिनी, त्यांनी सांगितलंय."

"लवूलाही कोणीतरी सांगितलंच होतं, एकदा घेऊन बघ म्हणून."

मी चमच्याने दिल्या. वहिनींनी तोंड फिरवलं होतं.

डॉक्टर स्कूटरवरून आल्या तेव्हा एक वाजला होता. जयवंत उशीला टेकून पडला होता, घामेजलेला, पण हात सुटलेले. त्यांनी आधी त्याला तपासलं. मग डबा बघितला, एक गोळी बोटांत फिरवून पाहिली, ती पुडी पाहिली. "कोरड्या आहेत," म्हणाल्या. मग कार्ड वाचलं.

"सही तुमची?"

"हो." मग मीच विचारलं. "मॅडम, याची पोलिसात... म्हणजे कायद्याने..."

त्या म्हणाल्या, "ह्या त्यांच्याच नावच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आहेत. त्यांच्याच घरात. त्यासाठी कोणी येत नाही." मग कार्ड माझ्यापुढे धरलं. "पण सात तारखेला तुम्ही माझ्यासमोर बसला होता. मी तुम्हाला विचारलं होतं."

मी कार्ड घेतलं आणि डब्यात ठेवलं. 

मग त्या वहिनींशी बोलल्या, स्वयंपाकघरात, पाटावर बसून. मला ऐकू येत होतं. "तुमच्या भावाला दुखत नव्हतं, तरी त्याला हवी होती. ह्यांना इतकं दुखतंय, तरी हे घेत नाहीयेत. एकसारखं आहे का हे?"  वहिनींनी विचारलं, "मी तीन म्हणून खूश होत होते. म्हणजे मी ह्यांना..." पुढचं वाक्य डॉक्टरांनी पुरं होऊ दिलं नाही.

जयवंत सगळं ऐकत होता. डॉक्टर परत आल्या तेव्हा म्हणाला, "साठा संपणार नाही असं लिहून द्या. मग घेतो."

मला वाटलं त्या देतील लिहून. आजारी माणसाला कोण नाही म्हणतं. त्या म्हणाल्या, "नाही देता येणार. परवाना माझ्या हातात नाही. पुन्हा अडकू शकतो."

जयवंतने डोळे मिटले.

"पण पंधरा दिवस संपल्यावर नवी खेप, हे मी बदलू शकते," त्या म्हणाल्या. "घरात दहा दिवसांच्या शिल्लक असतानाच पुढची देईन. दहा दिवसांच्या कायम डब्यात. तुम्ही उपाशी राहून साठवायच्या नाहीत, मी तुम्हाला साठा देणार. काय म्हणता तुम्ही लोक त्याला?"

"लाल रेघ," मी म्हणालो.

जयवंतने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू गप रव मेल्या. सही करून फिरलंस." मग डॉक्टरांना, "आधी जुना माल काढायचा. डब्यातला."

"आधी डब्यातला," त्या म्हणाल्या.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. डोस पुरा झाला, आठवड्याने दीडपट, फेब्रुवारीत दुप्पट. वहिनी घड्याळ लावून गोळ्या देत. पहिले काही दिवस त्या गोळी दिल्यावर त्याच्या नाकाकडे, जांभयांकडे लक्ष ठेवत. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो साडेअकराला झोपला होता, उताणा, तोंड उघडं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "उताणे झोपलेत," त्यांनी मला सांगितलं, जणू मला दिसत नव्हतं. उठल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "बांगडे आणलंस? की नुसतोच इलंस?"

मी पुढच्या वेळी आणले. त्याने एक अख्खा खाल्ला. जहाजावरून सुशांतचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा वीस मिनिटं बोलला आणि तिकडच्या स्टोअररूमची चौकशी केली.

२० फेब्रुवारीला केंद्राचा फोन आला. पुन्हा कागद अडकला होता. चार दिवस लागतील म्हणाले.  मी ऑफिसातून तसाच निघालो. जयवंतने मला डबा उघडायला लावला. दहा दिवसांच्या होत्या. "मग घाबरतंस कित्याक?" तो म्हणाला. पण त्याचा हात डब्यावरून निघाला नाही, चार दिवस निघाला नाही. वहिनींनी सांगितलं, जेवतानाही डबा मांडीला लावून बसत होता. पाचव्या दिवशी गोळ्या आल्या. त्याची भीती खोटी नव्हती, हे मला लिहून ठेवायचं आहे. दर खेपेला मी मुलुंडची पायरी चढताना आधी खिडकीतून सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघायचो.

१९ मार्चला, रविवारी दुपारी सव्वाचारला जयवंत गेला. सुशांत दोन दिवस आधी पोचला होता. मी तिथे होतो. दोनची गोळी वहिनींनी चुरून जिभेखाली ठेवली होती. शेवटचा तासभर तो फक्त श्वास घेत होता, हळू, आवाज न करता. त्याचं बोट फरशीवर फिरत नव्हतं. मी बघत होतो.

त्या एकतीस मार्चला कारखान्यातली मोजदाद मी नव्या स्टोअरकीपरबरोबर केली. डब्यांत आतून लाल रेघा अजून आहेत, काही पुसट झाल्यात. त्या नव्या मुलाने विचारलं ह्या कशाच्या. मी सांगितलं. आता २०२४ च्या ऑगस्टमध्ये मीही रिटायर होतो.

बाराव्यानंतर, १ एप्रिलला, वहिनी आणि मी उरलेल्या गोळ्या घेऊन मुलुंडला गेलो. वॉशरचा डबा वहिनींनी ठेवून घेतला. सिस्टरने रजिस्टर काढलं आणि मोजलं. नोव्हेंबरपासून केंद्राने एकूण एकशे आठ पट्ट्या दिल्या होत्या. परत आलेल्या, भरलेल्या आणि रिकाम्या मिळून, एकशे सात. पुन्हा मोजल्या. एकशे सात. आम्ही घरी येऊन गादीखाली, पलंगामागे, डब्यात, रद्दीत शोधलं. सापडली नाही. परत केंद्रात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, राहू द्या, रिकामीच असणार. सिस्टरने रजिस्टरमध्ये तशी नोंद केली आणि मी खाली सही केली.

एक रिकामी पट्टी द्यायची बाकी आहे.